शिडी पुढे की हात पुढे

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार. वाकून केलाय असं समज.

पाकीट जाड लागलं म्हणून खूश होऊ नकोस. आत एक पेनड्राइव्ह आहे आणि पुठ्ठ्याचे तीन चष्मे. एक काच लाल, एक निळी. पेनड्राइव्ह टीव्हीला लाव, पडदे ओढ, चष्मा घाल आणि बघ. फोनवर सांगितलं असतं, पण आपला करार आहे. फोनवर आईबाबांचा विषय निघतो आणि दोघांपैकी एकजण फोन आपटतो. कागद आपटता येत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

तर नवीन उद्योग असा. इतकी वर्षं मी फोटो काढले, ते भिंतीवर चपटे लटकले. आता मी तेच जुने फोटो उठवून उभे करतोय. फोटोचे थर कापायचे. माणूस वेगळा, खुर्ची वेगळी, भिंत वेगळी. माणूस कापून काढला की त्याच्यामागे भिंतीला भोक पडतं, ते रंगवून बुजवायचं. मग कोण किती पुढे, कोण किती मागे ते ठरवायचं आणि थोडा जीव घालायचा. पडदा हलतो, केस उडतात, कात्री उघडते-मिटते. कॉम्प्युटर अंदाज बांधतो, पण शेवटचा शब्द डोळ्याचा.

एका मोठ्या कलादालनाच्या बाईंना हे इतकं आवडलं की त्यांनी वीस एप्रिलला माझं प्रदर्शनच ठरवलंय. पाठवलाय तो नमुना न्हाव्याच्या दुकानाचा आहे. बघ आणि नीट कळव. छान आहे वगैरे नको. कात्री पुढे दिसते की आरसा, गिऱ्हाइकाचं डोकं कुठे आहे, एवढंच लिही.

बाकी ठीक. स्कूटर विकली. पार्किंगची कटकट फार.

भोपू

१५ फेब्रुवारी

भोपूशेठ,

आशीर्वाद. चष्मे पोचले आणि आमच्याकडे धुमाकूळ झाला.

सासूबाईंनी आपल्या चष्म्यावर तुझा चष्मा चढवला आणि आरामखुर्चीतून हात पुढे करून कात्री धरायला गेल्या. तुझे भाऊजी पाच मिनिटं बघत होते, मग घोरायला लागले. त्यांचं मत मोजू नकोस, ते कशासमोरही झोपतात.

आता तुझे प्रश्न. अरे, तू लिहितोस तसं काही दिसतच नाही! न्हावी आहे, गिऱ्हाईक आहे, इथवर ठीक. पण न्हाव्याचा हात समोर आणि कात्री पार आरशाच्या आत. बिचारा हवा कापतोय. आणि गिऱ्हाइकाचं डोकं खांद्यांच्या मागे, भिंतीला टेकल्यासारखं. सासूबाई म्हणाल्या, "हा माणूस केस कापायला आलाय की मान?" आम्ही हसून हसून बेजार. ही तुमच्या कलेतली नवी गंमत असेल तर आम्हा अडाण्यांना आधी सांगत जा.

स्कूटर का विकलीस? तू आणि पार्किंगची कटकट? फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर, जिथे जागा तिथे लावणारा तू! मी रोज सकाळी लोकांना गाडी चालवायला शिकवते, मला पार्किंगच्या थापा मारू नकोस. पोरगी वगैरे भेटली का, जी पायी फिरायला नेते? चाळिशी उलटली तरी आशा मी सोडलेली नाही.

आणि तुझ्या ओळी अशा डोंगर चढल्यासारख्या का जातात? पुढच्या वेळी कागदाखाली रेघा मारलेला कागद ठेव.

ताई

२४ फेब्रुवारी

ताई,

पोरगी नाही. ते सोड.

कात्री आरशाच्या आत, असं तू लिहिलंस. किती आत? आरशाला चिकटून की चांगली खोल? डोकं भिंतीला टेकलंय म्हणतेस, म्हणजे मी सगळंच उलट केलं की नुसतं जास्त केलं? हसू नकोस. नीट बघून सांग. सासूबाईंनाही विचार, आणि भाऊजी जागे असतील तेव्हा त्यांनाही.

सध्या जरा घाई आहे. सगळे फोटो संपवायचेत. परवा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर पाय चुकला, मुरगळला, म्हणून दोन दिवस वाया गेले. पायरी संपली असं वाटलं आणि ती संपली नव्हती. खाली फ्रेमा बनवणाऱ्या काकू राहतात, त्यांनी पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली आणि चहा दिला. तो मी त्यांच्या टेबलावर ओतला. कप होता, पण बाजूला. त्या म्हणाल्या, "झोप कमी होतेय तुमची." असेल.

सोबत दुसरा पेनड्राइव्ह. हा तुला बघवेल की नाही माहीत नाही, पण प्रदर्शनात मधल्या भिंतीवर हाच लावायचाय. आई शिडीवर चढून बल्ब बदलतेय, बाबा खाली उभे, तो फोटो. माझा पहिलाच कॅमेरा होता. बाबांना उंचीची भीती, म्हणून घरातले सगळे बल्ब आईनेच बदलले. मी आईच्या केसांची बट हलवलीय आणि बल्बची वायर जराशी झुलतेय.

लवकर लिही. शिडी पुढे की हात पुढे, ते नक्की लिही.

भोपू

६ मार्च

भोपू,

आज मायना नाही. मला तो सुचत नाहीये.

शिडी पुढे की हात पुढे, हे तू मला विचारतोस? तूच केलंस आणि मलाच विचारतोस? मी सांगते, ऐक. आई वर आहे. तिची बट हलतेय. अगदी खरी हलतेय. मग मी खाली बघितलं. बाबांचा हात शिडीपासून चांगला वीतभर पुढे, हवेत. शिडी मागे एकटी उभी. बाबांनी शिडी सोडलीय. सासूबाई ओरडल्या, "अहो, धरा तिला, धरा!" त्यांना आपल्या घरचं काही माहीत नाही, तरी ओरडल्या.

मला सगळं माहीत आहे, म्हणून मी ओरडले नाही. मी उठले आणि टीव्ही बंद केला.

आई आजारी असताना बाबा तिच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते, हे तुझं जुनं पालुपद. ते दाराबाहेर स्टूल टाकून बसायचे ते तू कधी पाहिलंस? डॉक्टर बाहेर आले की आधी उठून उभे राहायचे, पण विचारायचं धाडस नसायचं. मी पाहिलंय. तू तेव्हा गळ्यात कॅमेरा अडकवून जग बघत फिरत होतास. आणि आता दोघंही नाहीत, तर तू एवढ्या मोठ्या दालनाच्या मधल्या भिंतीवर लोकांना दाखवणार, की बघा, आमच्या बापाने आमच्या आईला असं सोडलं?

फोटो काढलास तेव्हा मी शाळेत होते. पण बाबांनी शिडी सोडली नसती, हे सांगायला मला तिथे हजर असायची गरज नाही. ओठात एक आणि पोटात एक ठेवून मला चष्मे पाठवू नकोस. भांडायचं तर सरळ फोन कर.

ताई

१४ मार्च

ताई,

तीन पत्रं लिहून फाडली. आता जे सुचेल ते लिहितो, मध्ये थांबत नाही.

मी बाबांचा हात मुद्दाम काढला नाही. शपथ घ्यायला आता आईबाबा उरले नाहीत, नाहीतर घेतली असती. मला तो हात शिडीवर दिसतो. मला कात्रीही केसांवर दिसत होती. मला सगळं एकाच कागदावर काढल्यासारखं दिसतं.

ताई, माझा डावा डोळा गेला. गेल्या ऑक्टोबरमध्ये. मला साखर आहे, चार वर्षं आहे, तुला सांगितलं नव्हतं. गोळ्या घेत होतो, विसरतही होतो. एका सकाळी डाव्या डोळ्यासमोर काळी जाळी आली, आठवड्याभरात ती पडदाच झाली. डॉक्टरबाई म्हणाल्या, आत रक्त साचलंय, डोळ्याचा पडदा ओढला गेलाय, उशीर झालाय. खोली समजायला दोन डोळे लागतात, हे मी फोटोग्राफर असून मला तेव्हा कळलं. स्कूटर त्यासाठी विकली. पुढची रिक्षा दहा हातांवर आहे की दोन, ते कळेना. चहा, जिना, सगळं तेच. तुला पाठवलेला लाल-निळा चष्मा मी घातला तर मला नुसतं निळं दिसतं. म्हणून तुला विचारत होतो. इथे कुणाला विचारलं तर कारण सांगावं लागलं असतं. एका डोळ्याच्या फोटोग्राफरला लग्नाचं काम कोण देईल? दालनवाल्या बाईंना कळलं तर त्या हसून नमस्कार करतील आणि दुसरा माणूस बघतील.

आता तुझा पुढचा प्रश्न मला माहीत आहे. उजव्या डोळ्यातही सुरुवात झालीय. पण घाबरू नकोस. त्याला इंजेक्शन असतं, मी गेल्या आठवड्यात घेऊन आलो. दंड दोन दिवस ठणकत होता, आता ठीक आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, काळजीचं कारण नाही, प्रदर्शन झालं की पुढचं बघू.

बाबांवर मी रागावलो होतो हे खरं. पण असा बदला मी घेणार नाही. त्यांचा हात कुठे ठेवायचा ते तू सांग, मी तिथे ठेवतो.

भोपू

२० मार्च

भोप्या,

तुझं पत्र मी गाडीत बसून वाचलं, शिकणारा माणूस शेजारी स्टेअरिंग धरून वाट बघत असताना. मग मी त्याला म्हटलं, आज धडा नाही, घरी जा. तो म्हणाला, ताई, रडताय का? मी म्हटलं, क्लच दाबून दाबून पाय दुखतोय.

तू ऑक्टोबरपासून एकटा आहेस. मी तुला पोरगी भेटली का म्हणून विचारत होते. ओळी डोंगर चढतात म्हणून हसत होते. माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांपैकी कुणाला अंतर कळत नाही, ते मी पहिल्याच वळणावर ओळखते, आणि सख्ख्या भावाचं मला कळलं नाही. याचा मला तुझ्यापेक्षा स्वतःवर जास्त राग आहे.

पण तुझ्यावरही आहे, आणि तो असा. माझ्याकडे एक पेन्शनर गाडी शिकतात. या वयात कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, बायकोला दर महिन्याला डोळ्यांच्या इस्पितळात न्यायचं असतं. तिला तुझाच आजार आहे. काल त्यांना सगळं विचारून घेतलं. भोपू, ते इंजेक्शन दंडात देत नाहीत. डोळ्यात देतात. बुबुळाच्या बाजूला, पांढऱ्या भागात. आधी थेंब घालून डोळा बधिर करतात, सुई जाते तेव्हा दाब जाणवतो, आणि ते सगळं चहा गार व्हायच्या आत संपतं.

म्हणजे तू घेतलेलं नाहीस. डॉक्टरबाईंनी "इंजेक्शन" म्हटलं आणि पुढचं ऐकायला तू थांबलाच नाहीस. लहानपणी लस टोचायची म्हटलं की भोंगा पसरून अख्खी गल्ली गोळा करायचास, म्हणून तर भोपू नाव पडलं. आता भोंगा नाही, पळून जाणं तेवढं तेच. माझ्या डोळ्यात धूळ फेकायला निघालास आणि स्वतःचा डोळा घालवून बसशील.

मी शुक्रवारच्या बसने येतेय. सासूबाईंची व्यवस्था लावली. भाऊजींना अंडी उकडता येतात, तेवढ्यावर घर चालेल. नाही म्हणायचं असेल तर फोन कर. बघू कोण आधी आपटतं.

ताई

९ एप्रिल

भोपू,

पोचले. घर उभं आहे. अंड्यांचा वास मात्र पडद्यांना लागलाय.

एक गोष्ट तुला तिथे सांगितली नाही. तोंडावर सांगायला धीर झाला नाही, म्हणून आता लिहिते. इंजेक्शन झाल्यावर तू पट्टी लावून बाकावर बसलास, तेव्हा डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. मी तुला म्हटलं, बिलाचं काहीतरी होतं. बिलाचं नव्हतं. त्या म्हणाल्या, उजवा डोळा वाचेल असं मी म्हणत नाही. दर महिन्याला न चुकता आला तर बराच काळ टिकेल. एक जरी महिना चुकला तर मी काही सांगू शकत नाही. यांना दम द्या, यांची ख्याती आम्हाला माहीत आहे. तू दोनदा वेळ ठरवून आलाच नाहीस, हेही तेव्हाच कळलं.

मी दम देणार होते. पण पट्टी असताना तुला जिना चढवताना तू माझा खांदा असा धरलास की अजून तिथे दुखतंय. मी "पायरी, पायरी, आता सपाट" म्हणत होते आणि तू एकेक पायरी पायाने चाचपत होतास. त्या क्षणी दम द्यायला तोंड उघडेना. मला भीती वाटली, भोपू. अजून वाटतेय. सासूबाई हाक मारतात तेव्हा मी दचकते, इस्पितळातून आवाज आल्यासारखं वाटतं.

तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसून "मागे घे, अजून, अजून, बस" करायला मात्र मजा आली. न्हाव्याला मी पुन्हा कामाला लावलं. बाबांचा हातही शिडीला लागला. ते आता बरोबर आहे. उंटावरून शेळ्या हाकते असं काकू म्हणाल्या, पण शेळ्या कळपात आल्या ना?

आता वाईट बातमी. पुढचं इंजेक्शन दोन मेला. त्याच दिवशी माझ्याकडे शिकणाऱ्या सगळ्यांची गाडीची परीक्षा आहे आणि मला हलता येत नाही. काकूंना बरोबर ने. किंवा एकटा जा. पण जा. प्रदर्शनाचं कळव, त्याआधी नाही तरी नंतर.

ताई

२ मे

ताई,

हे इस्पितळाच्या बाकावरून लिहितोय. मांडीवर त्यांचीच एक लिहायची पाटी घेतलीय, खाली तू सांगितलेला रेघांचा कागद आहे. काकू यायला तयार होत्या, पण आज त्यांच्याकडे फ्रेमांचं मोठं काम आहे. एकटा आलोय. सकाळपासून दोनदा जिना उतरून परत वर गेलो, तिसऱ्यांदा रिक्षा थांबवली.

प्रदर्शनाचं. लोक आले. शिडीच्या फोटोसमोर चष्मे घालून उभे राहिले. एका बाईने तर हात पुढे करून बाबांच्या हाताखाली आपला हात धरला, शिडीला आधार म्हणून. मग एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर विचारलं, इतकं अचूक अंतर तुम्ही कसं साधता? दालनवाल्या बाई माझ्याकडे कौतुकाने बघत होत्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला दिसत नाही. एकच डोळा आहे. माझी बहीण सांगते." मग त्या गृहस्थांनी चष्मा काढला, एक डोळा हाताने झाकला आणि फोटोकडे बघायला लागले. मग त्यांच्या बायकोने झाकला. मग इतरांनी. अर्धं दालन एक डोळा झाकून उभं होतं आणि मला हसावं की रडावं कळेना. दालनवाल्या बाईंनी नमस्कार केला नाही. लग्नाची दोन कामं मात्र गेली. म्हणजे मी घाबरत होतो ते अगदीच खोटं नव्हतं.

तुझं पत्र वाचलं तेव्हापासून "एक जरी महिना" हे शब्द डोक्यात आहेत. दात घासतानाही असतात. तू तोंडावर सांगितलं नाहीस ते बरं केलंस. तिथे ऐकलं असतं तर मी पळालो असतो, पट्टी असली तरी.

मलाही एक सांगायचंय. बाबांचा हात तू सांगितलास तिथे ठेवला. पण ताई, मूळ फोटोत तो शिडीला लागलाय की नुसता पुढे आहे, ते कळतच नाही. सावली नाही, काही नाही. मी भिंग लावून पाहिलं, तू गेल्यावर पुन्हा पाहिलं. फोटो मीच काढला, समोर मीच उभा होतो, दोन्ही डोळे शाबूत होते, आणि मला आठवत नाही. धरली असेल, नसेलही. तुला ते बरोबर वाटलं आणि मला ते तसं असावंसं वाटलं, म्हणून ते तसं आहे. आता ते मी बदलणार नाही.

थेंब घालून गेली नर्स. त्याने डोळ्याची बाहुली मोठी होते म्हणे. रेघा दिसेनाशा व्हायला लागल्यात, ओळी डोंगर चढल्या तर हसू नकोस. एकच डोळा आणि तोही पुसट, म्हणजे सध्या मी जवळजवळ काहीच बघत नाही. भीती वाटते. खूप वाटते. तळहात घामेजलेत, कागद चिकटतोय.

माझ्या आधीच्या आजोबांना आत नेलं. आता मी. दार उघडं आहे, आतला दिवा दिसतोय, पण दार किती लांब आहे ते कळत नाही. नर्सने हाक मारली.

जातो.

भोपू